ट्रेस, मेश आणि सपाट रंग: सीमाभागातल्या चित्रस्पर्धांच्या परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी आणि आसपासच्या गावांत डिजिटल चित्रस्पर्धा भरवणारी मंडळं,
आणि तिथे परीक्षक म्हणून बसणारे चित्रकार, कलाशिक्षक आणि प्रेसवाले मित्र यांस,

विषय: व्हेक्टर चित्रांना गुण देताना शैली आणि तंत्र यांची होणारी गल्लत.

सप्रेम नमस्कार.

शिवजयंती, गणेशोत्सव आणि थंडीतल्या गावोगावच्या साहित्य संमेलनांच्या निमित्ताने आपल्याकडे रांगोळी-निबंधाच्या जोडीला आता डिजिटल चित्रांच्या स्पर्धाही होऊ लागल्या आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. मी बेळगावातल्या शहापूरला डिझाइनचं काम करतो आणि संध्याकाळी काही मुलांना व्हेक्टर ड्रॉइंग, म्हणजे ठिपक्यांऐवजी गणिताने आखलेल्या रेषांतून संगणकावर चित्र काढणं, शिकवतो. या मुलांना आपलं काम चार जाणत्या माणसांपुढे ठेवायला मिळतं ते तुमच्यामुळे. पण निकाल घेऊन मुलं परत येतात तेव्हा जे सांगतात, ते ऐकून गप्प राहवत नाही.

एका ठिकाणी ग्रेडियंट मेशने, म्हणजे रंग एकमेकांत मिसळत नेणाऱ्या रेषांच्या जाळ्याने, केलेलं व्यक्तिचित्र बाद झालं. कारण दिलं गेलं की हे व्हेक्टर नाही, फोटो आहे. दुसरीकडे मोजक्या सपाट रंगांतलं चित्र मागे पडलं, कारण शेडिंग नाही म्हणजे काम अर्धवट. तिसऱ्या ठिकाणी इंटरनेटवरचा फोटो सॉफ्टवेअरकडून ट्रेस करून, म्हणजे आपोआप रेषांत उतरवून, घेतलेलं चित्र पहिलं आलं, आणि कारण होतं "केवढं बारीक काम!" तिन्ही ठिकाणचे परीक्षक आपापल्या क्षेत्रात मुरलेले होते. मतभेद असायलाच हवेत, त्याशिवाय चित्रांवर बोलणं होणार कसं? पण या निकालांमध्ये आवडीनिवडीचं मत आणि तंत्राविषयीचा गैरसमज यांची सरमिसळ झालेली दिसते. कुठली शैली भावावी हा सर्वस्वी तुमचा अधिकार. तंत्राच्या गोष्टी मात्र फाइल उघडून तपासता येतात, आणि त्या न तपासता पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला "हे व्हेक्टर नाही" असं माइकवरून सांगू नये, असं मला कळकळीने वाटतं.

मेशपासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिथे होतो.

व्हेक्टरची रेषा दोन नोड (रेषेची टोकं) आणि त्यांच्या दोन हँडलांवर (वक्राला वळण देणारे बिंदू) उभी असते. एकूण चार बिंदू, आणि त्यांच्यामधला वक्र गणिताने ठरतो. फ्रान्समध्ये मोटारींच्या पत्र्याचे वळणदार आकार कागदावर नेमके उतरवता यावेत म्हणून सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो आणि रेनो कंपनीत पिएर बेझिये यांनी हे गणित वेगवेगळं बसवलं. पुढे 1987 साली इलस्ट्रेटर आणि 1989 साली कोरलड्रॉ ही चित्र काढायची सॉफ्टवेअरं आली, आणि तेच वक्र आपल्या प्रेसपर्यंत पोचले. ग्रेडियंट मेश इलस्ट्रेटरमध्ये 1998 सालच्या आठव्या आवृत्तीत आला. कोरलमध्येही मेश फिल वर्षानुवर्षं आहे. मेश म्हणजे याच वक्रांचं जाळं. जाळ्याच्या प्रत्येक गाठीला एक रंग द्यायचा, आणि दोन गाठींमधला रंग सॉफ्टवेअर मिसळत नेतं. त्यात फोटोचा एक ठिपकाही नसतो. दहा फुटांचं करा नाहीतर पोस्टाच्या तिकिटाएवढं, फाइल तीच राहते.

बाद झालेलं ते चित्र मी फाइल उघडून पाहिलं आहे. एका आजीचा चेहरा होता, डोईवर पदर, कपाळाला मोठं कुंकू. नुसत्या रेषांच्या दृश्यात ते जाळं बघितलं तर मुलीने काय केलं ते स्पष्ट दिसत होतं. गालावर जाळ्याच्या ओळी सुरकुत्यांच्या दिशेने वाकवल्या होत्या. नाकाच्या शेंड्याजवळ त्या दाट होत गेल्या होत्या आणि कपाळावर मोकळ्या सोडल्या होत्या, कारण तिथे रंग हळूहळू बदलतो आणि जास्त गाठींची गरज पडत नाही. डोळ्याखालच्या एका गाठीला तिने मातकट जांभळा दिला होता. मोबाइलवर चित्र बघणाऱ्याला तो रंग वेगळा ओळखूही येणार नाही, पण तो काढला की डोळा चपटा पडतो. चेहऱ्याची हाडं कळल्याशिवाय असं जाळं विणता येत नाही. आपल्या बेळगावात के. बी. कुलकर्णींसारखे चित्रकार-शिक्षक होऊन गेले. त्यांच्या हाताखाली चेहऱ्याचा अभ्यास करणारी मुलं तैलरंगात जे शोधत असतील, तेच ही मुलगी माउसने शोधत होती. तिला "फोटो" म्हणून परत पाठवणं मला फार लागलं.

मेशविरुद्धचा प्रेसवाल्यांचा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो मी मुलांनाही सांगतो. मेश रेडियम कटिंगला, म्हणजे मशिनवर स्टिकर कापायला, चालत नाही. कटरची सुई फक्त रेषेवरून फिरते, तिला रंगाची छटा कळत नाही. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाची वेगळी जाळी लागते, तिथेही मेश सहसा कुचकामी. एसव्हीजी (वेबवर चालणाऱ्या व्हेक्टर चित्राच्या) फाइलमधला मेश ब्राउझरमध्ये दिसत नाही, कारण ब्राउझरवाल्यांनी तो कधी घेतलाच नाही. म्हणून चित्र कशासाठी केलंय हा प्रश्न आधी विचारावा लागतो. मंडळाच्या टी-शर्टवर छापायचं बोधचिन्ह असेल तर मेश वापरणाऱ्याचे गुण जरूर कापा. भिंतीवर लावायचं किंवा पडद्यावर दाखवायचं चित्र असेल तर त्याला रेडियमच्या नियमाने मोजू नका. फ्लेक्सच्या मशिनात तर सगळ्याचे शेवटी ठिपकेच होतात, तिथे हा वाद संपतोच.

आता सपाट रंगांकडे येतो. इथे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. मला ही शैली सगळ्यात अवघड वाटते.

वडगाव-खासबागकडचा माग चित्रात आणायचा म्हणून एका मुलाने विणकर बाई रेखाटली. रंग पाच-सहाच. खिडकीतून येणारं ऊन त्याने पिवळसर पट्ट्यांनी दाखवलं, आणि बाईच्या दंडावरची सावली हा एकच गडद आकार. त्या एका आकाराच्या कडेवर सगळं अवलंबून होतं. कड कोपराशी वळते तिथे थोडी चुकली असती तर हात लाकडी वाटला असता. ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलणारी छटा, असता तर ती चूक धुरकट होऊन लपली असती. सपाट रंगात लपायला जागाच नसते. उजेड कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते, हे चित्रकाराला ठामपणे ठरवावं लागतं, आणि एकदा ठरवलं की ते सगळ्यांना दिसतं. बाई ज्या मागावर बसली होती त्यावरच्या काठालाही शेडिंग नसतं, उभ्या-आडव्या धाग्यांच्या मोजणीतूनच नक्षी उठते. तो काठ अर्धवट आहे असं आपण म्हणतो का? रविवर्मा प्रेसची शिळाछापाची चित्रं आपल्या आज्या-पणज्यांनी देव्हाऱ्यात लावली, त्यांतही एकेका रंगासाठी वेगळी शिळा होती. मोजक्या रंगांत विचार करण्याची शिस्त आपल्या घरात केव्हाचीच आहे.

म्हणून "शेडिंग नाही" हे कारण पुढच्या वेळी कृपा करून देऊ नका. "सावलीचा आकार चुकलाय, कोपर बघ" असं सांगा. मुलगा घरी जाऊन ते दुरुस्त करेल.

तिसरा आणि सगळ्यात कडू विषय ट्रेसचा.

इंकस्केप या व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये पीटर सेलिंजर यांचं पोट्रेस हे ट्रेस करणारं सॉफ्टवेअर वापरलं जातं, ते 2001 सालचं. इलस्ट्रेटरमध्ये लाइव्ह ट्रेस 2005 साली आलं. कोरलचं पॉवरट्रेसही तुमच्यापैकी बहुतेकांनी गिऱ्हाइकाचा अस्पष्ट लोगो साफ करायला वापरलं असेल, मीही रोज वापरतो. ही यंत्रणा काय करते? रंगांच्या ठिगळांच्या सीमा शोधते आणि त्यांवर रेषा टाकते. नाक कुठे आणि मागची भिंत कुठे, हे तिला माहीत नसतं. शिवरायांचं चित्र फोटोवरून ट्रेस केलं की दाढीची छाया, गळ्यातल्या माळेची छाया आणि अंगरख्याची घडी मिळून एकच काळपट बेट तयार होतं, आणि दाढीच्या कडेने शेकडो बारीक तुकडे विखुरतात. लांबून ते "बारीक काम" वाटतं. हीच फाइल कटरवर लावा, मग शिवजयंतीच्या आदल्या रात्री चिमट्याने ते तुकडे उपसत बसायची वेळ ज्याच्यावर येते, त्याला विचारा.

हे ओळखणं अवघड नाही. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल आणि वाय दाबा, कोरलमध्ये व्ह्यू मेन्यूतून वायरफ्रेम निवडा, इंकस्केपमध्ये डिस्प्ले मोड आउटलाइन करा. रंग निघून जातात आणि फक्त रेषा उरतात. हाताने काढलेल्या चित्रात ओठ हा ओठाच्या आकाराचा दिसतो, डोळ्याची पापणी एक अखंड वक्र असते, अंगरख्याखालून गळ्याची रेषा पुढे गेलेली असते कारण काढणाऱ्याला ती तिथे आहे हे ठाऊक असतं. यंत्राच्या ट्रेसमध्ये एकमेकांना चिकटलेली बेटं दिसतात. मिनिटभराचं काम आहे. परीक्षकांच्या टेबलावर एक लॅपटॉप ठेवला की झालं.

पण मग "ट्रेस पूर्ण बंद, फक्त पेन टूल (एकेक नोड हाताने टाकायचं साधन)" असा नियम करू नका. असे नियम मी पत्रकांत वाचले आहेत आणि ते मला पटत नाहीत. एखाद्या मुलीने शाईने कागदावर स्वतः रेखाटलं, स्कॅन केलं, ट्रेस केलं आणि मग रंग भरले, तर त्या रेषेत तिचाच हात आहे. उलट, दुसऱ्या कुणाचा फोटो खाली ठेवून त्यावरून पेन टूलने आठवडाभर नोड टाकत बसणाऱ्याने कष्ट केले हे खरं, पण चेहऱ्याची ठेवण, उजेड, चौकट हे सगळं त्या फोटोवाल्याचं आहे. कष्टाने केलेली नक्कल ही नक्कलच. म्हणून कुठलं टूल वापरलं यापेक्षा मूळ आकृती कुणाची, हे विचारा. संदर्भ म्हणून स्वतः काढलेला फोटो असेल तर त्यात काही गैर नाही, चित्रकार मॉडेल समोर बसवतातच. दुसऱ्याचा असेल तर प्रवेशिकेवर तसं लिहायला लावा आणि त्याप्रमाणे गुण द्या.

याच ओघात "कॉपी-पेस्ट" या शेऱ्याबद्दलही बोलतो. आकृती उलटवून किंवा फिरवून पुन्हा वापरली की लगेच हा शेरा पडतो. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिरात जाऊन वर बघा. 1204 सालच्या त्या मंदिराच्या छतावरचं दगडी कमळ हे पुनरावृत्तीचंच काम आहे, एकाच कल्पनेची पाकळी वर्तुळात फिरत जाते. व्हेक्टरमध्ये तसं कमळ करायचं तर एकच पाकळी काढून ती फिरवत नेणं हा सरळ मार्ग आहे. कस त्या पहिल्या पाकळीत लागतो: तिची कड शेजारच्या पाकळीला कुठे भिडते, मधे उरलेली जागा कशी दिसते. माझ्या वर्गातला एक मुलगा ते कमळ करायला बसला आणि नंतर काही पाकळ्या मुद्दाम किंचित बदलल्या, कारण दगडावर हाताने कोरलेल्या पाकळ्या त्याला तंतोतंत सारख्या वाटेनात. तो निर्णय मला आवडला. सगळ्या सारख्या ठेवल्या असत्या तरी चित्र खोटं ठरलं नसतं.

नोडच्या संख्येवरून होणारा वाद प्रेसमधून स्पर्धेत आला आहे. नोड जितके कमी तितकं काम चांगलं, असं आमच्या धंद्यात पहिल्या दिवसापासून शिकवतात, आणि अक्षरांच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं आहे. आपल्याकडच्या मुलांना तर एकाच पाटीवर कन्नड आणि मराठी दोन्ही रेखाटावी लागतात. 2024 सालच्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीवर 60 टक्के कन्नड बंधनकारक आहे. त्या नियमावर बोलायची ही जागा नव्हे, पण पाटी काढणाऱ्या हाताला त्यातून एक खरा चित्रकलेचा प्रश्न मिळतो. कन्नड अक्षर गोल, वळणावळणाचं. देवनागरीला शिरोरेघ, उभा काना आणि बोरूच्या तिरक्या टोकातून आलेला जाड-बारीकपणा. दोन्ही एका हातचं वाटावं म्हणून वळणांची जाडी जुळवत बसावं लागतं. नोड वळणाच्या टोकावर, म्हणजे सगळ्यात वर, खाली, डावीकडे, उजवीकडे ठेवले की वक्र गुळगुळीत राहतो. मधेच एखादा जादा नोड पडला की 'ळ' च्या पोटाला फुगवटा येतो आणि तो दहा फुटी पाटीवर रस्त्याच्या पलीकडून दिसतो.

चित्राच्या रेषेला मात्र हा नियम आंधळेपणाने लावू नका. राजहंसगडाचा ढासळलेला तट काढणारा मुलगा कोळशासारखी खरबरीत रेषा वापरतो, तिला भरपूर नोड लागणारच. आणि ज्यांना गणिती शुद्धतेचा फार आग्रह आहे त्यांना एक सांगतो: आपण सगळे जे चार नोडचं वर्तुळ रोज वापरतो, ते गणिताने पूर्ण वर्तुळ नसतंच. त्रिज्येच्या 0.03 टक्क्यांहून कमी फरक त्यात राहतो, डोळ्याला तो दिसत नाही आणि म्हणून कुणाचं काही अडत नाही. डोळ्याला काय दिसतं यावरच निवाडा करायचा असेल, तर नोड मोजत बसण्यात वेळ का घालवायचा?

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात सांगतो. "फक्त सीडीआर (म्हणजे कोरलची) फाइल स्वीकारली जाईल" ही ओळ काढून टाका. आमच्या प्रेसमध्ये कोरल चालतं, "अकरा व्हर्जनला सेव्ह कर, फॉन्ट कर्व्ह करून पाठव" ही आमची रोजची भाषा आहे, ते धंद्याला ठीक. खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावातून येणाऱ्या मुलाला कोरल किंवा इलस्ट्रेटर विकत घेणं परवडत नाही, मग तो चोरीची प्रत टाकतो किंवा स्पर्धेतच उतरत नाही. इंकस्केप 2003 पासून आहे, फुकट आहे, आणि त्यात उत्तम काम होतं. एसव्हीजी आणि पीडीएफ दोन्ही घ्या. सोबत एक जेपीजी मागवा, म्हणजे मेश किंवा फॉन्ट दुसऱ्या मशिनवर बिघडला तरी चित्रकाराला काय अभिप्रेत होतं ते दिसेल.

आणि शैलीबद्दल भांडायचंच असेल तर खुशाल भांडा, पण मुलांसमोर भांडा. निकाल जाहीर करण्याआधी अर्धा तास राखून ठेवा. एक परीक्षक रंगाच्या बाजूचा घ्या, एक प्रेसमधला, आणि दोघांनी त्याच चित्रावर आपापलं म्हणणं उघडपणे मांडावं. चित्रकार रवी परांजपे बेळगावात जन्मले, के. बी. कुलकर्णींकडे शिकले, आणि पुढे जाहिरातींची चित्रं, इमारतींची दृश्यं, पेंटिंग अशा अनेक वाटांनी काम करत राहिले. एका माणसाच्या हातात इतक्या तऱ्हा नांदू शकतात, तर एका स्पर्धेत दोन शैली शेजारी शेजारी का लागू नयेत? हवं तर दोन गट करा, छपाईसाठीचं काम वेगळं आणि स्वतंत्र चित्र वेगळं. प्रत्येक प्रवेशिकेसोबत मुलांकडून चार ओळी लिहून घ्या: चित्र कशासाठी केलं, संदर्भ काय होता, कुठली पद्धत का निवडली. मराठीत लिहू द्या, कन्नडमध्ये लिहू द्या. आणि बाद केलेल्या प्रत्येक चित्रामागे कारणाची एक ओळ लेखी द्या.

पुढच्या गणेशोत्सवाच्या स्पर्धांची पत्रकं छापायला जाण्याआधी नियमांचा मसुदा एकदा आम्हा डिझाइन करणाऱ्यांना दाखवा, ही विनंती. कुठल्याही रविवारी, तुमच्या सोयीच्या वेळी, मंडळाच्या कार्यालयात येऊन बसायची माझी तयारी आहे. लॅपटॉप आणि तिन्ही प्रकारच्या फाइली मी घेऊन येईन, रेषांच्या दृश्यात त्या एकत्र बघू आणि मग नियम लिहू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शहापूरमधला एक डिझायनर आणि शिक्षक